शेवटून पहिल्याचा हक्क



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही 'फन रन' असे सांगितले. त्यांना वाटले, आम्ही थट्टा करीत आहोत. फन रन म्हणजे मौजेखातर धावणे. रविवारी पहाटे रस्ते बंद करून, छातीवर नंबर लावून लोक तीन, पाच किंवा दहा किलोमीटर धावतात, तो प्रकार. आपल्याकडे त्याला सरसकट मॅरेथॉन म्हणतात. वास्तविक मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. हे अंतर १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ साली कायम ठरले. पण तीन किलोमीटरला कुणी मॅरेथॉन म्हटले म्हणून भांडायला उठावे, इतके रिकामे आम्ही नाही. आमची तक्रार वेगळी आहे.

माणसे पैसे भरतात, पहाटे चारला उठतात, हौसेने येतात; आणि तिथे त्यांना मिळणारी वागणूक पुष्कळदा फलाटावर ताटकळणाऱ्या गर्दीपेक्षा बरी नसते. पाहुणे आले नाहीत म्हणून सुरुवात लांबते. ऊन चढते. शौचालये मोजकीच, आणि बायकांची रांग तर संपतच नाही. मागून येणाऱ्याला पाण्याच्या टेबलावर रिकामे खोके दिसतात. पदके संपलेली असतात. शर्टाचे माप आपल्याला हवे ते कधीच शिल्लक नसते. कुणी तोंड उघडलेच तर उत्तर ठरलेले: "मौज म्हणून आलात ना? मग कुरकुर कशाला?"

हे उत्तर आमच्या ओळखीचे आहे. "काम मिळाले ना? मग कुरकुर कशाला?" असे तेच वाक्य आम्ही तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर ऐकत आलो. म्हणून हा विषय आमचा आहे, असे आम्ही समजतो.

मौजेची धाव ही काही काल निघालेली टूम नव्हे. सॅन फ्रान्सिस्को शहर १९०६ च्या भूकंपात मोडून पडले. ते पुन्हा उभे राहत असताना नागरिकांना हुरूप यावा म्हणून १९१२ साली शहराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला समुद्रापर्यंत धावण्याची प्रथा पडली, ती आजतागायत आहे. सिडनीत १९७१ पासून शहरातून निघून बाँडायच्या किनाऱ्यापर्यंत १४ किलोमीटर लोक धावतात. न्यूयॉर्कची मॅरेथॉन १९७० साली एका बागेत सुरू झाली. त्या दिवशी १२७ माणसे आली. फी एक डॉलर. शेवटपर्यंत पोचले ५५. पहिला आलेला गृहस्थ अग्निशामक दलातला नोकरदार होता. बक्षीस म्हणून दुसऱ्याच खेळांचे जुने करंडक देण्यात आले. ही धाव भरवणारे फ्रेड लेबो स्वतःही धावले, आणि त्या ५५ जणांत त्यांचा नंबर ४५ वा लागला.

श्रोतेहो, हा ४५ वा नंबर ध्यानात ठेवा. भरवणारा माणूस मागच्या घोळक्यातून धावत होता. पाणी कुठे कमी पडले, रस्ता कुठे अरुंद झाला, हे त्याला कुणी अर्ज करून कळवावे लागले नाही. त्याच्या पायांनाच ते कळले. पुढे पैसा आला, प्रायोजक आले, मांडव आला, आणि भरवणारा रस्त्यावरून उठून व्यासपीठावर जाऊन बसला. धावणारा रस्त्यावरच राहिला. आज आम्ही ज्या तक्रारी मांडणार आहोत, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या अंतरात आहे.

पहिली गोष्ट मापाची. दुकानदाराने किलोमागे पन्नास ग्रॅम साखर कमी दिली तर आपण त्याला तसे जाऊ देत नाही. धावण्याच्या अंतराचे काय? इंग्लंडात मँचेस्टरची मॅरेथॉन २०१३, २०१४ आणि २०१५ अशी तीन वर्षे ३८० मीटर कमी भरली. हे उघडकीस आले २०१६ साली. सुमारे २४ हजार धावकांच्या वेळा बाद झाल्या. ब्रायटनच्या अर्ध-मॅरेथॉनमध्येही २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत १४६ मीटर कमी निघाले. कुणी म्हणेल, मीटरांचा हा हिशेब हौशी माणसाला कशाला हवा? ज्याने वर्षभर नोकरी सांभाळून सराव केला, त्याला तो हवा. त्याने पैसे अंतराचे मोजले होते.

आणि मोजण्याची रीत काही गुपित नाही. सायकलच्या चाकाला मोजणीयंत्र लावतात, धावणारा जास्तीत जास्त जवळचा जो मार्ग धरू शकेल त्याने ती चालवतात, आणि वर दर हजार मीटरला एक मीटर जास्त धरतात. पूर्ण मॅरेथॉनला असे ४२ मीटर वाढतात. आपल्या बाजारपेठेच्या भाषेत याला झुकते माप म्हणतात. जुना वाणी तराजूचे पारडे गिऱ्हाइकाकडे झुकवून मगच पुडी बांधत असे. तेवढी नीती इथेही पाळता येते. मात्र मोजणारा जाणता माणूस बोलवावा लागतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. ७ ऑक्टोबर २००७ रोजी शिकागोला मॅरेथॉन होती. पारा ३१ अंशांवर गेला. आपल्याला ३१ म्हणजे काहीच वाटणार नाही. पण जी माणसे थंडीत धावण्याच्या तयारीने आली होती त्यांचे हाल झाले. मागच्यांनी सांगितले की टेबलांवर पाणी उरले नव्हते. चालकांचे म्हणणे असे की पाणी पुरेसे आणले होते, पण लोकांनी ते पिण्याबरोबर अंगावरही ओतले. साडेतीन तासांनी धाव मधेच थांबवावी लागली. आम्ही या वादात दोन्ही बाजू खऱ्या धरून चालतो. उन्हात माणूस पाणी डोक्यावर ओतणार, हे गृहीत धरायला हवे होते. पाण्याचा हिशेब डोकी मोजून केला, ऊन मोजून केला नाही. आणि पाणी कमी पडले की ते नेहमी मागच्याला कमी पडते. पुढच्या घोळक्यातल्या माणसाला दोन पेले मिळतात. मागच्याचा एकही शिल्लक राहत नाही. जो हळू चालतो, तो उन्हात जास्त वेळ असतो, म्हणजे पाण्याची गरज त्यालाच अधिक. वाटप मात्र नेमके उलटे होते.

तिसरी गोष्ट फीची. पावतीच्या खाली बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत लिहिलेले असते की, कोणत्याही कारणाने कार्यक्रम रद्द झाल्यास फी परत मिळणार नाही, आणि काही बरेवाईट झाल्यास जबाबदारी धावणाऱ्याची. २०१२ साली न्यूयॉर्कवर सँडी नावाचे वादळ आले. मॅरेथॉन दोन दिवस आधी रद्द झाली. रद्द करणे योग्यच होते. लोक बेघर झाले असता धावायचे कसले! पण नियम 'फी परत नाही' असा होता. लोकांनी एकमुखाने आवाज उठवला. डिसेंबरात चालकांनी तीन पर्याय दिले: पैसे परत घ्या; किंवा पुढच्या तीन वर्षांपैकी एका वर्षी निश्चित प्रवेश घ्या, त्याची फी वेगळी भरून; किंवा मार्च २०१३ च्या अर्ध-मॅरेथॉनमध्ये धावा. यातून आम्ही एवढाच बोध घेतो की पावतीवरचा नियम दगडावरची रेघ नसते. पुष्कळ लोक एकदम बोलले तर तो बदलतो.

आपल्या देशात २०१९ सालचा ग्राहक संरक्षण कायदा आहे. पैसे देऊन घेतलेली सेवा सदोष निघाली तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. एकतर्फी, अन्याय्य करार म्हणजे काय, याचीही व्याख्या त्या कायद्यात आहे. धावणारा जर पैसे भरणारा ग्राहक असेल तर हा कायदा त्याचाही आहे. पण पाचशे-हजार रुपयांसाठी एकटा माणूस आयोगाची पायरी चढत नाही, हे चालकांना पक्के ठाऊक असते.

चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त लागली. २०१९ च्या एप्रिलमध्ये लंडनला मॅरेथॉन झाली. साडेसात तासांत पोचणाऱ्या संथ लोकांसाठी चालकांनी स्वतःच एक वेग दाखवणारी बाई नेमली होती. तिच्या मागे चालणाऱ्या लोकांना काय अनुभव आला? पाण्याची टेबले उचललेली. सफाईच्या गाड्या त्यांच्या अंगावरून जाव्यात तशा शेजारून गेलेल्या. आणि कंत्राटी माणसांनी त्यांना लठ्ठ म्हणून, मंद म्हणून हिणवलेले. बभ्रा झाला, तेव्हा चालकांनी जाहीर माफी मागितली.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती दुसरे कुणी सांगणार नाही. हिणवणारी माणसे चुकली, यात शंका नाही. पण सफाईचा कामगार त्या रस्त्यावर कशासाठी उभा असतो? रस्ता अमुक वाजता वाहतुकीला मोकळा झालाच पाहिजे, असा ठेका असतो. तो ठेका त्याने केलेला नसतो. शेवटचा चालणारा जितका रेंगाळेल, तितकी कामगाराच्या मानेवरची घाई वाढते. पहाटे तीनपासून कठडे लावणारा, पाण्याचे खोके वाहणारा, आणि दुपारी चिकट पेले गोळा करणारा माणूस शेवटच्या धावकाकडे वैऱ्यासारखा पाहू लागतो. एकाने फी भरलेली, दुसरा रोजावर आलेला. आणि ज्याने वेळ कमी धरली तो तिसरा तिथे हजरच नसतो. कारखान्यात कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांना असेच झुंजवतात. म्हणून आमचे म्हणणे असे की, शेवटच्या माणसासाठी रस्ता अर्धा तास अधिक राखायचा असेल, तर त्या अर्ध्या तासाचा मोबदला आधी कामगाराच्या हातावर पडला पाहिजे. मग तोच कामगार टाळ्या वाजवील. आम्ही माणसे ओळखतो.

पाचवी गोष्ट तर सरळ आमच्या उंबऱ्यापर्यंत आली. एका कारखान्याने अशा धावेचे बरेच नंबर एकदम विकत घेतले. सूचनाफलकावर नावांची यादी लागली. रविवारी पहाटे पाचला मैदानावर हजर राहावे, कंपनीच्या नावाचा शर्ट घालावा. आणि मैदानाच्या फाटकाशी सुपरवायझर वही घेऊन उभा. पॅकिंग खात्यातल्या बायका घरचा डबा करून, पहिली बस नाही म्हणून चालत आल्या. त्यांतल्या दोघींना अर्ध्या वाटेवरून, वेळ संपली म्हणून, टेम्पोत बसवून परत आणले. सोमवारी त्या आमच्या कचेरीत आल्या. आम्ही व्यवस्थापनाला पत्र लिहिले. उत्तर आले, 'हा ऐच्छिक आनंदाचा कार्यक्रम आहे.' आम्ही परत लिहिले, 'ज्या आनंदाला हजेरी लागते, त्याला आम्ही पाळी समजतो. आणि पाळी म्हटली की तिचा रोज द्यावा, अथवा बदली सुट्टी द्यावी.' पुढल्या वर्षी यादी लागली नाही. ज्यांना हौस होती त्यांनी नावे दिली, त्यांच्यासाठी बस आली, नाश्ता आला. आणि गंमत अशी की त्या दोघींनी आपण होऊन नाव दिले. त्यांना धावणे नको होते असे नाही. त्यांना हुकूम नको होता.

आता धर्मादायाविषयी. पुष्कळ धावा कुठल्या तरी सत्कार्याच्या नावाने होतात, आणि कित्येकांतून खरोखरच चांगले काम उभे राहते. लंडनची मॅरेथॉन १९८१ साली सुरू झाली तेव्हाच, उरलेला पैसा लोकांच्या खेळाच्या व करमणुकीच्या सोयींसाठी जावा म्हणून एक न्यास त्याच वर्षी स्थापन झाला. असे असेल तर आमचा नमस्कार. पण सत्कार्याचे नाव फलकावर मोठे आणि हिशेब कुठेच नाही, असा प्रकार असेल तर विचारायला नको काय? १९२६ सालच्या ट्रेड युनियन कायद्याने आमच्यासारख्या नोंदलेल्या युनियनांना दरसाल तपासलेला हिशेब निबंधकाकडे धाडायला आणि हिशेबाची वही सभासदाला दाखवायला भाग पाडले. चार आणे वर्गणीच्या काळापासून आम्ही वह्या दाखवीत आलो. हजारो लोकांकडून फी घेणाऱ्याने एक पानाचा जमाखर्च वर्तमानपत्रात दिला तर त्याची इभ्रत वाढेल, कमी होणार नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या जमावात अशी नीटनेटकी व्यवस्था शक्य तरी आहे का? दोन दाखले देतो.

एक इंग्लंडातला. लंडनजवळच्या बुशी पार्कात ऑक्टोबर २००४ मध्ये तेरा जण एका शनिवारी पाच किलोमीटर धावले. तिथून 'पार्करन' नावाची चळवळ निघाली आणि कितीतरी देशांत पसरली. फी नाही, बक्षीस नाही. काम करणारे सारे स्वयंसेवक, आज धावणारा पुढल्या शनिवारी शिट्टी घेऊन उभा. त्यांच्यात एक रीत आहे: एक स्वयंसेवक ठरवून सगळ्यांच्या मागून चालतो. शेवटचा नंबर नेहमी त्याचा. त्यामुळे आलेल्या कुणावरही शेवटचा म्हणवून घेण्याची पाळी येत नाही. याला खर्च काय? एक माणूस आणि थोडी माणुसकी.

दुसरा दाखला आपल्या घरचा. आळंदीहून पंढरपूरला माउलींची पालखी निघते. वारी ही भक्ती आहे, धाव ही करमणूक आहे. दोन्ही एका तराजूत घालण्याचा आमचा विचार नाही. आम्ही पाहतो ती तिथली व्यवस्था. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रम असतो. मुक्कामी संध्याकाळी समाजआरती होते. टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि लाखोंचा समाज शांत होतो. हरवले-सापडले पुकारले जाते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर त्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. सारे तळ स्तब्ध, आणि एका कोपऱ्यात टाळ चालू! मग चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, आणि त्यानंतर ते टाळ थांबतात.

आम्ही कामगार कायद्याची पुस्तके रात्री जागून स्वतःच्या स्वतः वाचली. तक्रार निवारणाची कितीतरी कलमे वाचली. पण याहून सोपी, बिनखर्ची आणि सभ्य पद्धत आम्हाला त्या पुस्तकांत मिळाली नाही. तक्रार करणारा इथे शिस्त मोडणारा ठरत नाही. तक्रार ऐकेपर्यंत आरती खोळंबते, हीच तिथली शिस्त आहे.

तेव्हा आमचे मागणीपत्र थोडक्यात असे. पाणी, शौचालये आणि वैद्यकीय मदत यांचा हिशेब शेवटच्या माणसावरून करावा, पहिल्यावरून नव्हे. शेवटपर्यंत त्याच्या मागे एक माणूस चालता ठेवावा. जाहीर केलेल्या वेळेला सुरुवात करावी. पाहुणे उशिरा आले तर त्यांनी पदके वाटावीत, सुरुवातीला त्यांची वाट पाहू नये. अंतर मोजून, कुणी मोजले ते सांगावे. नियम मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत छापावेत, आणि धाव रद्द झाल्यास पैशाचे काय हे त्यात आधीच लिहावे. धर्मादायाचा जमाखर्च प्रसिद्ध करावा. रोजावरच्या माणसांना पूर्ण तासांचा मोबदला द्यावा. आणि चालकांच्या समितीवर धावणाऱ्यांनी निवडलेले दोन जण घ्यावेत. त्यांतला एक तरी मागच्या घोळक्यातला असावा.

यातले एकही मागणे कुणाचे दिवाळे काढणारे नाही. आणि ज्यांच्या धावा आजही नीट होतात, त्यांना ही यादी वाचून राग येण्याचे कारण नाही. ते हे सारे करतच असतील.

आम्ही बहिष्कार सांगायला आलो नाही. आपल्या गावातली माणसे पहाटे घराबाहेर पडावीत, रस्त्याने मोकळ्या छातीने धावावीत, साठीच्या आजींनी नातवाचा हात धरून तीन किलोमीटर पुरे करावेत, यासारखी चांगली गोष्ट नाही. रस्ता एका सकाळपुरता मोटारींकडून माणसांकडे येतो, हे आम्हाला फार आवडते. म्हणूनच त्या सकाळी माणसाची अवहेलना होऊ नये असे वाटते.

पुढल्या हिवाळ्यात पुन्हा नंबर वाटले जातील. फी भरण्यापूर्वी गल्लीतल्या, कचेरीतल्या, तालमीतल्या दहा-वीस जणांनी एकत्र यावे आणि एक कागद लिहून चालकांकडे न्यावा: शेवटच्या माणसाला पाणी कसे पोचणार, रद्द झाले तर पैसे कसे मिळणार, हिशेब कुठे दिसणार. उत्तर मिळाले तर वीसही जणांनी फी भरावी. नाही मिळाले तर त्या रविवारी वीस जणांनी मिळून नदीकाठाने धावावे. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. चालकांना वीस फींचा अर्थ बरोबर समजतो.

वारीत चोपदाराने दंड उचलल्यावर सगळीकडे शांतता असते, तेव्हा टाळ वाजता ठेवायला धीर लागतो. एकट्या वारकऱ्याला तो होणार नाही. तिथे टाळ वाजतात ते साऱ्या दिंडीचे. आपल्याकडे नंबर प्रत्येकाच्या छातीवर निराळा लावतात, आणि माणसालाही वाटू लागते की आपण एकटेच आहोत. तेवढे मनातून काढून टाकावे, एवढीच आमची विनंती आहे.